चव घेणं म्हणजे खाणं नव्हे

मी गोड खात नाही, असं मी डॉक्टरीणबाईंना छातीठोकपणे सांगितलं होतं. खोटं बोलले नव्हते. सणाला पानात पडलेली पुरणपोळी अर्धी बाजूला सारणारी बाई मी. चहा कमी साखरेचा. पेढा घेऊन कुणी पुढं आलं तर हात मागं जातो. ज्यांच्या दारात खव्याची भट्टी असते, त्यांना पेढ्याचं कसलं कौतुक?

आमची भट्टी भूम तालुक्यात आहे. आमच्या भागात पाऊस बेताचा, पण गाई-म्हशी दावणीला भरपूर, म्हणून गावोगाव दूध आटवतात. सकाळी दूधवाले कॅन घेऊन येतात, बाभळीच्या जाळावर कढया चढतात, दुपारपर्यंत खवा होतो आणि संध्याकाळच्या आत गाडीत बसतो. बराचसा तुळजापूरला जातो, पेढेवाल्यांकडं. नवरा जाळ आणि कढया सांभाळतो, मुलगा गाडी चालवतो, सून दुधाचं माप घेते. माझ्याकडं चव.

चव म्हणजे काय, ते सांगायला हवं. कॅन उघडला की झाकणाला लागलेलं दूध बोटावर घ्यायचं. आंबायला लागलंय का, कॅन नीट धुतलाय का, ते तिथंच कळतं. कडसर लागलं तर गुरानं काँग्रेस गवत खाल्लंय, ते दूध वेगळं काढायचं. अर्धं आटलं की उलथन्यावरचं चाटून बघायचं, धूर तर बसला नाही ना. कढई उतरली की गोळा बांधायच्या आधी एक चिमूट. आणि सगळ्यात शेवटी खरवड, म्हणजे कढईच्या बुडाला धरलेला तांबूस थर. तो विकत नाहीत. उलथन्यानं खरडायचा, वर थोडी साखर टाकायची आणि भट्टीवरच्या माणसांनी तिथंच उभ्यानं खायचा. खरवड करपट निघाली तर त्या दिवसाच्या सगळ्या मालावर नजर ठेवायची. म्हणजे तीही चवच.

यात आणखी एक रीत होती. एरवी माल मुलगा पोचवतो, पण आठवड्यातून एकदा तुळजापूरचा व्यापारी स्वतः न्यायला येतो. तो आला की प्रत्येक गोळ्यातलं आधी मी खायचं, त्याच्या डोळ्यांदेखत, आणि मगच त्यानं काटा लावायचा. ही पद्धत त्याच्या वडिलांनी आणि माझ्या सासूबाईंनी घातलेली. करणारीनं खाल्लं म्हणजे घेणाऱ्याला विचारायचं कारण उरत नाही. सासूबाई गेल्यावर ते काम माझ्याकडं आलं, आणि आमच्या भट्टीचं नाव त्यावरच टिकून आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तर उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं म्हणून मी बार्शीला गेले. आमच्याकडची माणसं दवाखान्यासाठी बार्शीच गाठतात. सोनोग्राफी झाली, रक्त काढलं. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. कागद बघून म्हणाल्या, "दुखणं पित्ताचं आहे, ते जाईल. पण काकू, तपासलंत ते बरं झालं. लिव्हरवर चरबी आहे, ग्रेड दोन. आणि शुगर निघालीय."

"चरबी कशानं?"

"वजन, गोड, तेलकट, बसून राहणं. दारू घेता का?"

"मी?"

"सगळ्यांना विचारते."

"घेत न्हाय. गोडपण खात न्हाय."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग नीट समजावून सांगितलं. लिव्हरवर चरबी साचते, पुढं सूज येते, त्याही पुढं ते कडक होत जातं. आत्ता जिथं आहे तिथून मागं फिरता येतं. कडक झाल्यावर फिरणं अवघड. लिव्हरसाठी वेगळी गोळी देत नाही, वजन उतरवणं हेच त्याचं औषध. साखरेसाठी सकाळ-संध्याकाळ जेवणासोबत एक गोळी. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त.

मला घाबरवायची गरज नव्हती. माझ्या आईला साखर होती. तिचा अंगठा कापला, मग पाऊल, आणि त्या जखमेची पट्टी मी बदललेली आहे. साखर म्हणजे काय, ते मी वाचून शिकलेले नाही.

गावात मात्र साखरेपेक्षा लिव्हरचीच चर्चा जास्त झाली. आमच्याकडं लिव्हर खराब होतं ते एकाच कारणानं. बचत गटाच्या बैठकीत शेजारीण हळूच सरकून बसली.

"खरं सांगा, कवापासून घेताव?"

"काय?"

"आता आमच्यापासून काय लपवायचं. मालकाची बाटली सांडत असंल थोडी."

"त्यांनी आयुष्यात तोंडाला लावली न्हाय."

"मग तर लईच कमाल झाली. एकट्याच घेताव व्हय?"

सगळ्या हसल्या, मीही हसले. पण त्यातल्या दोघीतिघींनी ते खरंच मानलं, असं मला अजून वाटतं. एकीनं गुळवेलीचा काढा आणून दिला. मी तो बाटलीसकट बार्शीला नेऊन दाखवला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असले काढे लिव्हरलाच निस्तरावे लागतात, काहींना त्यानंच त्रास झालेला आहे, राहू द्या. बाटली परत दिली तेव्हा ती बाई रुसली. रुसू दे म्हटलं.

खाण्यात बदल करणं मला जड गेलं नाही. ज्वारीची भाकरी आमची रोजचीच. पण ज्वारी साखरेला चांगली म्हणून कितीही खावी, असा जो समज आहे तो डॉक्टरीणबाईंनी काढून टाकला. भाकरी कमी, डाळ-भाजी जास्त, आधी काकडी-मुळा, रात्रीचं जेवण लवकर. भात सणापुरता. तेलाचा डबा जिथं महिना जायचा तिथं सव्वा महिना जायला लागला. नवऱ्यानं कुरकुर केली, मग गप झाला.

जड गेलं ते चालणं. गावात बाई रिकाम्या हातानं चालत नाही. हातात घागर हवी, डोक्यावर पाटी हवी, नाहीतर कुणाच्या मयतीला तरी निघालेली हवी. पहिल्या दिवशी मी नुसतीच रस्त्यानं निघाले तर जो भेटेल तो थांबवून विचारायला लागला.

"कुठं निघालाव?"

"कुठं न्हाय, चालायले."

"कुठं चालायलाव?"

"नुसतंच."

"घरात काय झालं का?"

परत येईपर्यंत आमच्या घरात भांडण झाल्याची बातमी माझ्या आधी पोचलेली. दुसऱ्या दिवसापासून मी हातात खुरपं घेतलं. खुरपं हातात असलं की कुणी विचारत नाही. ओढ्यापर्यंत जायचं, परत यायचं. पुढं पुढं एकदोन रानवाल्यांनी बांधावरून हाक मारायला सुरुवात केली, "काकू, खुरपं हायच, तर एवढी एक पात काढा की." काढली. व्यायाम तो व्यायामच.

घोटाळा झाला तो गोळीनं.

गोळी सुरू झाल्यावर पोट थोडं बिघडलं, ते सांगितलेलंच होतं, बसलं. पण त्यानंतर तोंडाला एक चव आली. लोखंडाची. जुना खिळा तोंडात धरावा तशी. तेव्हा मला ती गोळीची आहे हे कळलं नाही. मला ती दुधात लागली. एका दूधवाल्याच्या कॅनचं झाकण चाटलं आणि म्हटलं, हे दूध नको.

"का ओ काकू?"

"कॅनाला गंज हाय."

"कॅन नवा हाय, परवाच आणलाय."

"मग नव्याचा वास असंल."

सुनेनं बोट लावून बघितलं. "आत्या, मला तर काय लागंना."

"तुला काय कळतंय," मी म्हणाले.

तो माणूस कॅन उचलून गेला आणि दुसऱ्या भट्टीला दूध घालायला लागला. त्याच आठवड्यात मी एक कढई घासायला लावली, मग दुसरी. नवरा म्हणाला, "कढया तर घासून घासून पातळ व्हायला लागल्यात." मग एके दिवशी काकडी लोखंडाची लागली. पाणी लागलं. तेव्हा डोक्यात उजेड पडला.

दूधवाल्याच्या घरी जाऊन त्याला परत आणलं, ते एक झालं. पण पुढं काय करायचं, हे मी एकटीनं ठरवलं आणि अगदी सरळ ठरवलं. गोळीनं जीभ जाते. जिभेवर भट्टी चालते. तेव्हा सकाळची गोळी भट्टीचं काम उरकल्यावर घ्यायची. काम उरकेपर्यंत जेवण होऊन गेलेलं असायचं, गोळी राहायची. संध्याकाळची घेतली की सकाळी तोंड पुन्हा गंजायचं, म्हणून तीही सुटली. जीभ परत आली. दूध दुधासारखं लागायला लागलं. घरात कुणाला काही बोलले नाही, कारण बोलण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. भाकरी कमी केलीय, चालतेय, वजन थोडं उतरलंय. मग गोळी नसली तर काय होतंय?

तीन महिन्यांनी रक्त दिलं. सून सोबत होती, तिला बार्शीत शिलाई मशीनचा दोरा-बॉबिन घ्यायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला आणि पेन खाली ठेवलं.

"काकू, वाढलीय."

"कशी वाढंल? भाकरी अर्ध्यावर आणली."

"गोळी?"

मी सांगितलं. लपवायचं कारण नव्हतं. चव जाते, आमचा धंदा चवीचा, म्हणून बंद केली.

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "ही चव येते काहींना. बहुतेकांची काही आठवड्यांनी जाते. मला फोन केला असतात तर मी गोळी बदलून दिली असती. हळूहळू विरघळणारी मिळते. गोळी बदलता येते काकू, आपल्या मनानं बंद करायची नसते." मग थांबून म्हणाल्या, "पण नुसत्या गोळीनं एवढी वाढायला नको होती. तुम्ही खाता काय, ते पुन्हा सांगा बघू, उठल्यापासून."

मी सांगितलं. चहा, भाकरी, डाळ, भाजी, ताक, भाकरी.

"मधे काही?"

"काय न्हाय."

सून खिडकीकडं बघत होती. तशीच म्हणाली, "आत्या, भट्टीवरचं सांगा की."

"भट्टीवरचं काय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"ते खाणं न्हाय," मी म्हणाले. "ते काम हाय. चव घेणं."

"किती घेता?"

"चिमूट."

"कशाची?"

"खव्याची. बिनसाखरेचा असतो."

त्यांनी सुनेकडं बघितलं. सून म्हणाली, "मॅडम, चिमूट आमच्या आत्याची हाय." एवढंच बोलली.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. दुधातच साखर असते, आटवलं की तीही दाट होते आणि साईही, एवढं त्यांनी सांगितलं. गोळी बदलून दिली, रात्रीच्या जेवणासोबत घ्यायची. म्हणाल्या, "पुढच्या वेळी असंच निघालं तर दुसरी गोळी वाढवावी लागेल. लिव्हरसुद्धा तिथंच थांबणार नाही. तुम्ही ठरवा."

येताना एसटीत मी सुनेकडं पाठ करून बसले. तिनंही समजूत काढली नाही. ती अशीच आहे. दोरा मात्र आठवणीनं घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एक स्टीलची वाटी घेऊन माझ्या मागं फिरायला लागली. मला वाटलं, कुणाला दूध द्यायचं असेल. मी झाकण चाटलं की ती तेवढंच दूध वाटीत. मी उलथन्यावरचं घेतलं की ती तेवढंच वाटीत. गोळ्यातली चिमूट काढली की तिनं माझ्या चिमटीकडं बघून तेवढाच तुकडा मोडायचा आणि वाटीत टाकायचा. मी काही विचारलं नाही, दूधवाल्यांसमोर कशाला. शेवटी खरवड निघाली, मी घेतली, तिनंही माझ्याइतकी घेतली आणि वर साखरसुद्धा टाकली.

दुपारी माझं ताट वाढलं. अर्धी भाकरी, मुगाची उसळ, काकडी. आणि ताटाशेजारी ती वाटी. काठोकाठ भरून वर शीग.

"आत्या," ती म्हणाली, "हे धरून जेवायचं का सोडून?"

मी वाटीकडं बघत राहिले. ही वाटी मी पाहुण्यापुढं ठेवली असती तर तो म्हणाला असता, एवढा खवा कोण खाईल. मी तो रोज खात होते, वर्षानुवर्षं, आणि गोड खात नाही असं सांगत होते. तिच्यावर चिडावं असं काही सापडलं नाही. "सोडून," म्हटलं आणि जेवले.

आता प्रश्न एवढाच होता की चव कोणी घ्यायची. नवरात्र पुढ्यात आलेलं. तुळजापूरला तेव्हा पेढ्याला जी मागणी असते तिच्यावर आमचं निम्मं वर्ष निघतं. अशा वेळी एक जरी गोळा खराब गेला तरी व्यापारी हातचा जातो. आणि मी चव घेत राहिले तर माझं पुढं काय होणार, ते मी आईच्या पायाला पट्टी बांधताना बघितलेलं होतं.

मी आधी सोपा रस्ता काढला. चिमूट तोंडात घ्यायची, जिभेवर फिरवायची आणि थुंकायची. गिळायची नाही. पहिल्याच दिवशी राखेत थुंकले तर नवऱ्यानं उलथनं थांबवलं.

"दूध थुकतीस व्हय?"

"चव घेतली की झालं. गिळायला कुणी सांगितलंय?"

"अगं, लक्ष्मी हाय ती."

"लक्ष्मी माझ्या लिव्हरवर बसलीय."

तो तोंड फिरवून उभा राहिला. मी देवाधर्माला फार घाबरणारी नाही, तरी त्या दिवसानंतर मी थुंकले नाही, आणि त्याचं कारण वेगळं आहे. दोन दूधवाले कॅन धरून बघत होते. त्यांचे चेहरे बघितले आणि गावात काय पसरेल ते मला ऐकू आलं: त्यांच्या भट्टीचा खवा मालकीणच थुंकते. नवऱ्याच्या लक्ष्मीपेक्षा ते महाग पडलं असतं.

मग राहिली सून.

तिला म्हटलं तर ती म्हणाली, "माझ्या जिभेवर कोण इस्वास ठेवील? तुमीच म्हनलाव, तुला काय कळतंय."

"तेव्हा माझ्या तोंडात खिळा होता."

"आन् आता?"

"आता गोळी पुन्हा सुरू झालीय, बदललेली असली तरी खिळा येणारच. तू शीक."

शिकवायला फार नव्हतं. चव तिला लागत होती, तिला नाव ठाऊक नव्हतं. ती म्हणायची, "कसंतरी लागतंय." मी म्हणायचे, कसंतरी म्हणजे कुठं? जिभेच्या टोकाला का मागं? घशात गेल्यावर का आधी? टोकाला आंबूस म्हणजे दूध शिळं. घशात खवखव म्हणजे धूर. गिळल्यावर मागून येतं ते गवताचं. ती तांदळाच्या दाण्याएवढं घ्यायची आणि डोळे मिटून थांबायची. मी इतकी वर्षं सुपारीएवढं घेत आले आणि बोलत बोलत गिळत आले. कोणाची चिमूट खरी, ते बघणाऱ्यानं ठरवावं. खरवडीवरची साखर तिनं बंद केली. नवरा म्हणाला, "आता खरवड कशाला खायची मग?" ती म्हणाली, "चवीला, मामा." त्यानं नखाएवढी घेतली.

तोंडाला लोखंड पुन्हा आलं. या वेळी मी ते येऊ दिलं. भट्टीवर उभी राहायचे, सगळं बघायचे, पण बोट कशाला लावायचं नाही. ही गोष्ट सांगायला सोपी आहे. तीस वर्षांची सवय हाताला असते, डोक्याला नसते. गरम गोळा समोरून गेला की बोटं आपोआप जुळायची. मग मी पदर कमरेला खोचून दोन्ही हातात खुरपं धरून उभी राहायला लागले. नवरा म्हणायचा, "भट्टीत काय खुरपायलीस?"

घटस्थापनेच्या आधीच्या आठवड्यात व्यापारी आला. नेहमीसारखा चहा झाला. मी बिनसाखरेचा घेतला, त्यानंही बिनसाखरेचा मागितला. कापडाखाली गोळे मांडलेले. तो काट्याजवळ बसला आणि म्हणाला, "घ्या वहिनी."

"आज ही खाईल," मी म्हणाले.

"का? उपास हाय का? नवरात्र तर अजून बसायचंय."

"औषध हाय."

"औषध मला बी हाय. लोकास्नी पेढे चारतो आन् सोता सकाळी कारलं पितो. पण तुमचं खाणं येगळं, वहिनी. ती रीत हाय."

"करणारीनं खायचं, ही रीत हाय. आता करणारी ही."

त्यानं सुनेकडं बघितलं. ती पदर सावरून गोळ्यांपाशी बसली. तिनं पहिल्यातला दाणा घेतला, थांबली, मान हलवली. दुसऱ्यातला. तिसऱ्यातला. व्यापारी कंटाळायला लागला होता, एवढा वेळ माझ्या चवीला कधी लागला नव्हता. एका गोळ्यापाशी ती नेहमीपेक्षा जास्त थांबली. पुन्हा एक दाणा घेतला.

"हे नको," ती म्हणाली.

नवरा पुढं आला. "कशानं? माझ्या हातची कढई हाय ती."

"मागून कडसर येतंय, मामा."

"कडसर? दूध तूच घेतलंस की सकाळी."

"सकाळी न्हाय लागलं. आटल्यावर लागायलंय."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. नवरा म्हणाला, "तू बघ गं जरा."

व्यापारी म्हणाला, "वहिनी, नुसतं बोट लावा. एका बोटानं काय होतंय? मिटून जाईल."

माझ्या तोंडात तेव्हा लोखंड होतं. मी बोट लावलं असतं तरी मला काय कळलं असतं, सांगता येत नाही. पण ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी चांगला म्हटलं असतं तर तो गोळा गाडीत गेला असता, नको म्हटलं असतं तर सुनेचं खरं ठरलं असतं. आणि दोन्ही वेळा पुढच्या आठवड्यापासून सगळे पुन्हा माझ्याच बोटाकडं बघायला लागले असते. तिच्या जिभेला माझी मोहर लागल्याशिवाय चाललं नसतं, आणि मोहर लावायची म्हणजे रोज खायचं. सून खाली मान घालून बसली होती. ती माझ्याकडं बघत नव्हती, हे मला बरं वाटलं.

"ती नको म्हणाली तर नको," मी म्हणाले. "काढा तो बाजूला."

नवऱ्यानं गोळा उचलून आत नेला, जरा जोरातच. व्यापारी थोडा वेळ काट्याशी चाळा करत बसला. मग सुनेला म्हणाला, "बरं, राहिलेलं बघा की बाई. मला उजेडात पोचायचंय." तिनं राहिलेले सगळे गोळे बघितले. त्यानं माल तोलला, बांधला, गाडीत भरला आणि गेला. पुढच्या आठवड्यात आला तेव्हा चहा झाल्यावर मला काही न बोलता तिच्याकडंच बघून म्हणाला, "घ्या."

त्या बाजूला काढलेल्या गोळ्याचं काय झालं, तेही सांगते. नवऱ्यानं तो भाकरीशी खाल्ला. मी विचारलं, "कडसर हाय का?"

"मला काय कळंना."

"नीट सांगा."

"कळंना म्हनलं की. खवा हाय, खव्यासारखा हाय."

म्हणजे सुनेचं बरोबर होतं का चूक, हे आमच्या घरात आजवर कुणाला माहीत नाही.

नवरात्र पार पडलं. माल सगळा गेला, परत काही आलं नाही. दिवाळीनंतर मी बार्शीला जाऊन रक्त दिलं, सोनोग्राफी केली. साखर उतरली होती. लिव्हर ग्रेड एकवर आलं होतं. वजन काट्यावर बघायची गरज नव्हती, ब्लाऊज सांगत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छान. गोळी चालू ठेवायची." मी म्हटलं, "ते आता कळलंय." त्यांनी पायांची बोटं तपासली, डोळे दाखवून यायला सांगितलं, पुढची तारीख दिली. मी निघताना म्हणाल्या, "चव कशी आहे आता?"

"जायला लागलीय. लोखंड कमी झालंय."

"मी म्हटलं होतं ना."

खरंच, थंडी सुरू झाली तसं ते लोखंड दिवसागणिक विरत गेलं. एका सकाळी चूळ भरली तर पाणी पाण्यासारखं लागलं. हुरड्याची कणसं आली, ती हुरड्यासारखी लागली. भट्टीपाशी उभी होते, पहिली कढई उतरत होती, आणि नुसत्या वासावरनं मला कळलं की आज दूध म्हशीचं जास्त आहे आणि जाळ बेताचा आहे. गोळ्यातून वाफ निघत होती. बोटं जुळली. मी खुरपं घट्ट धरलं.

सुनेनं दाणा घेतला, डोळे मिटले, उघडले. मग माझ्याकडं बघितलं. ती फार बघत नाही, पण बघते तेव्हा नीट बघते.

"आत्या, चव आली का ओ तुमची?"

"न्हाय," मी म्हणाले. "अजून लोखंडच लागतंय."

आणि ओढ्याकडं चालायला निघाले.